विचारा तर खरं! : या वेळी पौंडावर मिळणारे कपडे

मागच्या अंकात 'थ्रिफ्टचं (म्हणजे इथे अमेरिकेत जुने कपडे-सामान विकणाऱ्या दुकानांचं) काही विचारायचं असेल तर पाठवा' असं एका ओळीत टाकलं होतं, तर पत्रांचा नुसता पाऊस पडला की हो. निम्म्या लोकांना अजून स्वस्त कसं मिळेल ते हवंय आणि उरलेल्यांना हे सगळं बरं दिसतं का ते विचारायचंय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, सारखी होती ती एकात घातली आहेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत (दोघीतिघींनी तर 'ह्यांना कळता कामा नये' असं बजावून लिहिलंय). माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाद नको. जिथे कपडे तराजूवर विकतात तिथे स्वस्त काय आहे ते शोधायला जाऊच नका, तिथे सगळंच स्वस्त असतं. तिथे कापड शोधायचं.

प्रश्न: ताई, मी ऑगस्टमध्ये एमएससाठी मिनियापोलिसला आलो. माझा रूममेट 'बिन्स'ला जातो आणि पोतंभर कपडे घेऊन येतो, मलाही चल म्हणतो. थंडीचं सगळंच घ्यायचंय आणि बजेट अगदीच टाईट आहे. साधं थ्रिफ्ट स्टोअर आणि हे आउटलेट यात फरक काय? पहिल्यांदा जाताना काय माहीत पाहिजे?
– सोलापूरचा, आता बर्फातला

उत्तर: अरे सोलापूरकरा, चादर तरी आणलीस ना बरोबर? बरं ऐक. गुडविल म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणारी संस्था, तिच्या नेहमीच्या दुकानात कपडे हँगरला असतात, टॅग रंगीत असतात आणि त्या आठवड्याला जो रंग असेल त्यावर सूट असते. तिथे काही आठवडे लटकून जे कुणी घेत नाही ते जातं आउटलेटला. आउटलेटमध्ये हँगर नाही, टॅग नाही, साईझप्रमाणे रांगा नाहीत, चाकांवरचे मोठे उथळ निळे कंटेनर ओळीनं लावलेले आणि त्यात सगळं ओतलेलं, म्हणजे टीशर्टच्या खाली पडदा, पडद्यात गुंडाळलेला एक बूट, आणि दुसरा बूट कुठल्या कंटेनरमध्ये आहे ते देव जाणे. ह्यांनाच बिन्स म्हणतात. काउंटरवर तराजू, जे उचलशील ते पौंडाच्या भावानं (पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम). भाव गावोगाव वेगळा, कारण गुडविल ही एकच एक कंपनी नाहीये, १५० च्या वर स्थानिक संस्था आहेत आणि प्रत्येकीचा कारभार आपापला, त्यामुळे एकीकडचा नियम दुसरीकडे चालेलच असं नाही. काही ठिकाणी वजन जास्त झालं की पौंडाचा दर उतरतो. घासाघीस करायची सोयच नाही, तराजूशी काय भांडणार.

आता पद्धत. ठराविक वेळानं एक अख्खी रांग आत ढकलत नेतात आणि नव्या मालाची रांग बाहेर आणतात. ह्या वेळी लोक दोन्ही बाजूंना फलाटावर लोकल शिरताना उभे राहावेत तसे उभे असतात, पण हात लावायचा नाही. सगळे कंटेनर जागेवर लागून स्टाफनं 'हं, चालू' म्हणेपर्यंत हात मागे. हा नियम मोडलास तर आधी बाकीचे गिऱ्हाईक ओरडतील आणि मग स्टाफ, आणि काही ठिकाणी सरळ बाहेर काढतात. रांग खुली झाल्यावर पहिली दोनचार मिनिटं जो गोंधळ होतो त्यात तू शिरू नकोस असं माझं मत. ते लोक विकायला नेणारे असतात, त्यांना ब्रँड आणि बूट हवे असतात, एका झटक्यात उचलून पुढच्या कंटेनरवर जातात. तुला जे हवंय, साधं चांगलं लोकरीचं स्वेटर, ते त्यांच्या मागून सावकाश चाळलं तरी सापडतं. दुसऱ्याच्या कार्टमध्ये मात्र चुकूनही हात घालायचा नाही. कार्टवर चादर टाकलेली दिसली म्हणजे ती कुणाची तरी आहे.

हातमोजे घालून जा, रबर लावलेले कामाचे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, कारण ढिगात फुटकी काच, टाचण्या, काहीही निघतं. अंगाला चिकटलेला टीशर्ट आणि बारीक पँट घालून जा, कारण ट्रायल रूम सहसा नसते आणि जॅकेट तिथेच अंगावर चढवून बघायचं असतं. टेप खिशात ठेव. घरून निघायच्या आधी तुला नीट बसणाऱ्या एका शर्टची छाती, खांदा आणि एका पँटची कंबर मोजून फोनमध्ये लिहून ठेव. लेबलवरच्या साईझवर विश्वास ठेवलास तर फसशील, एल लिहिलेलं स्वेटर कुणीतरी गरम पाण्यात धुऊन एस करून टाकलेलं असतं. परत घेणंबिणं काही नाही, घेतलं ते घेतलं.

आणि वजनाचा हिशोब, जो पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. समज पौंडाला २ डॉलर भाव आहे. जीन्स साधारण दीड पौंडाची, म्हणजे ३ डॉलर. पातळ मेरिनो लोकरीचं स्वेटर पाऊण पौंड, दीड डॉलर. रेशमी ब्लाऊज पाव पौंडसुद्धा भरत नाही, ५० सेंटच्या आत. लांब लोकरी ओव्हरकोट चार-पाच पौंड, आणि पिसांचं डाऊन जॅकेट त्याच्या निम्म्याहून कमी. दुकानात उलटं असतं बघ, डाऊन महाग. तुझ्या मिनेसोटात उणे वीसमध्ये जे तुला वाचवणार आहे तेच तराजूवर हलकं भरतं. फक्त घेताना जॅकेट उजेडात धर आणि चाचप, पिसांचे गोळे एका कोपऱ्यात जमलेत का, शिवणीतून पिसं डोकावतायत का. गोळे जमले असतील तर ते दुरुस्त होतं, मंद आचेवर ड्रायरमध्ये दोनतीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवायचं. वॉटरप्रूफ जॅकेटच्या आतला थर सोलत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल तर मात्र ठेवून दे, त्यावर इलाज नाही. चेनचे दात तुटलेत तर ठेवून दे. फक्त स्लायडर गेलाय तर घे, तो बदलता येतो. बटण नाही म्हणून चांगला कोट सोडणारे लोक मी बघितलेत, त्यांना हात जोडते.

मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढं अजून वाचलं. बूट मात्र नवे घे बाबा. जुन्या स्नो बूटचा तळ साठवणीत वाळून तडकलेला असतो आणि ते बर्फात गेल्यावर कळतं.

प्रश्न: सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. मी स्वतःसाठी आणि बाळासाठी थ्रिफ्टमधून कपडे घेते हे त्यांना कळलं आणि त्यांनी अबोला धरलाय. 'कुणाच्या अंगावरचे उतरलेले, मेलेल्या माणसाचे असतील, माझ्या नातवाला घालायचे नाहीत' असं म्हणाल्या. नवरा दोघींकडे मान हलवतो. पैसे नाहीत असं नाही, पण तीन महिन्यांत लहान होणाऱ्या झबल्याला नवे पैसे घालायचं माझ्या जिवावर येतं. काय करू?
– एडिसनमधली सून

उत्तर: अगं, त्या म्हणतात ते अगदीच खोटं नाहीये, त्यामुळे 'असं काही नसतं हो आई' म्हणू नकोस. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर रिकामं करतात आणि बॅगाच्या बॅगा थ्रिफ्टला सोडून येतात, त्यातले कपडे असतातच. बाळाचे कपडे त्यातले नसतात एवढंच, ते दुसऱ्या कुठल्यातरी बाळाला लहान झालेले असतात.

पण मला सांग, आपल्याकडे तरी काय करतात? जन्मल्या जन्मल्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत, जुन्या सुती साडीचं, आजोबांच्या धोतराचं मऊ दुपटं. आत्तेभावाची झबली मामेभावाला, ती पुढे धाकट्याला. आणि गोधडी? आजी गेल्यावर तिच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आपण अंगावर घेतोच ना, उलट ती कुणाला द्यायची यावरून जावाजावांत रुसवे होतात. म्हणजे जुनं त्यांना चालतं, गेलेल्या माणसाचंही चालतं, परक्याचं चालत नाही. हा मुद्दा वेगळा आहे आणि तो वाद घालून सुटणार नाही, तेव्हा वाद घालूच नकोस.

मी काय करेन सांगते. पिशवी घरात आणून सोफ्यावर उपडी करायची नाही, ती थेट धुवायला. सणाला, वाढदिवसाला बाळाला नवं घालायचं, तेवढा मान त्यांचा राहू दे. आतले कपडे, मोजे, टोपड्या नव्याच घ्यायच्या, त्यात मीही तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे. आणि एक दिवस त्यांना बरोबर ने, पण बिन्सला नको हं, तो गोंधळ बघितला तर पुढच्या विमानानं परत जातील. साध्या दुकानात ने आणि कपड्यांकडे न जाता सरळ काचेच्या सामानाकडे वळ. लोणच्याला चालतील अशा जाड काचेच्या बरण्या दोनतीन डॉलरला बघितल्या की कुठल्याही साताऱ्याच्या बाईचा निश्चय जरा हलतो. बरण्या हातात आल्या की हळूच विचार, 'आई, हे कापड कसं वाटतं हो?' ज्या बाईनं जन्मभर बोहारणीशी चार साड्या आणि दोन पँटींवर एका पातेल्यासाठी अर्धा तास हुज्जत घातली आहे तिला कापडातलं तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. विरलं कुठे, रंग उतरेल का, शिवण दुहेरी आहे का, सगळं बोटांनी सांगतील. विचारलं की सांगावंसं वाटतंच माणसाला.

नवऱ्याला मान हलवायचं थांबवून कपडे धुवायला लाव.

प्रश्न: ढेकणांची भीती वाटते! आणि काही कपड्यांना जो एक वास येतो तो जातच नाही. नुसतं धुतलं तर पुरे का?
– तिघीजणी, वेगवेगळ्या गावांच्या

उत्तर: ढेकणांची भीती बरोबर आहे, पण इलाज सोपा आहे. ढेकूण मरतो तो उष्णतेनं, त्यामुळे ड्रायर महत्त्वाचा. आणलेली पिशवी बांधलेलीच ठेवायची, घरात कुठे न टेकवता कपडे ड्रायरमध्ये टाकून जास्तीत जास्त गरमवर किमान अर्धा तास फिरवायचे, मग धुवायचे, परत वाळवायचे. रिकामी पिशवी लगेच घट्ट बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात. लोकर आणि रेशीम गरम ड्रायरमध्ये घालता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि फ्रीझरमध्ये चार दिवस, फ्रीझर ० फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियसला असला पाहिजे. ह्यानं लोकरीतली कसरसुद्धा मरते. मटाराच्या पाकिटांशेजारी स्वेटर बघून घरातले बोलतील, बोलू देत.

वासाचं म्हणाल तर वास कसला ते आधी ओळखा. कपाटात बंद राहिल्याचा कुबट वास असेल तर पांढरं व्हिनेगर अर्धा कप थंड पाण्याच्या बादलीत, त्यात तासभर भिजवून मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. सेंट आणि फॅब्रिक सॉफ्टनरचा वास दोनतीन धुण्यांत जातो. सिगरेटचा वास कोटाच्या आतल्या पॅडिंगमध्ये शिरला असेल तर सोडा त्याचा नाद.

डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र वेगळा विषय आहे. मोठ्यांच्या कपड्यांना असेल तर बाहेर सावलीत, वाऱ्यावर बरेच दिवस टांगून ठेवा, नुसत्या धुण्यानं जात नाही. लहान बाळाच्या कपड्याला तो वास आला तर घेऊच नका. त्या गोळ्यांत बऱ्याचदा नॅप्थलिन असतं आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू शकतात. ती कमतरता आपल्या लोकांमध्येही आढळते आणि बऱ्याचदा आईबापांना माहीतही नसते. आपल्याकडे मुलांचे जुने कपडे पेटीत ह्याच गोळ्या घालून ठेवायची पद्धत आहे, तेव्हा हे थ्रिफ्टपुरतं समजू नका.

प्रश्न: मला ब्रँड कळतात, कापड कळत नाही. लेबल कापलेलं असलं की लोकर कुठली आणि अॅक्रिलिक कुठलं सांगता येत नाही. जुनं आणि नवं कसं ओळखायचं तेही सांगा. बायको म्हणते मी नाव बघून कचरा उचलून आणतो.
– सिअॅटलचे एक गृहस्थ

उत्तर: तुमच्या बायकोचं बरोबर आहे. हल्ली बऱ्याच मोठ्या ब्रँडांचा आउटलेट मॉलसाठी (हे बिन्सवालं आउटलेट नव्हे, ब्रँडांची सवलतीची दुकानं) वेगळा हलका माल बनतो, त्यावर नाव तेच असतं. तेव्हा नाव शेवटी बघा.

ढिगात हात घातला की डोळे नंतर, आधी बोटं. अॅक्रिलिक म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, तो सुरुवातीला लोकरीपेक्षा मऊ लागतो, तिथेच लोक फसतात. मुठीत दाबून सोडा, लोकर हळूहळू उसळून वर येते. पण खरं सांगू का, मिश्रण असेल तर बोटांनाही नक्की कळत नाही. घरी आणल्यावर आतल्या शिवणीचा एक दोरा ओढून सिंकवर चिमट्यात धरून जाळा. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास मारतात, ज्योत बाजूला घेतली की विझत जातात आणि राख बोटांत चुरते. सुती आणि लिननचं कागदासारखं भुरुभुरु जळतं, राख राखाडी, हलकी. पॉलिएस्टर, अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. दुकानात हा उद्योग करू नका, अर्थातच.

लेबल असेल तर त्यावर बरंच लिहिलेलं असतं. धाग्याचं नाव आणि टक्के लिहिणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे, लोकरीसाठीचा कायदा तर १९३९ चा. कुठलं कापड किती टक्के हे वाचायची सवय लागली की निम्मं काम झालं. आर आणि एन ह्या अक्षरांपुढे एक नंबर असतो, तो फेडरल ट्रेड कमिशनच्या वेबसाईटवर टाकला की बनवणारी किंवा आणणारी कंपनी कळते. कसं धुवायचं ते सांगणारं लेबल अमेरिकेत १९७२ पासून सक्तीचं झालं, आणि धुण्याची नुसती चिन्हं, शब्दांशिवाय, ही १९९७ नंतरची. म्हणजे बादलीचं चिन्ह असलेला 'साठच्या दशकातला' अमेरिकन ड्रेस कुणी तुम्हाला विकत असेल तर हसा आणि पुढे चला. बायकांच्या कपड्यांच्या आतल्या शिवणीत आयएलजीडब्ल्यूयू ह्या कामगार संघटनेचं छोटं लेबल सापडलं तर तो कपडा अमेरिकेत शिवलेला आणि १९९५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती संघटना दुसरीत विलीन झाली. लाल-पांढरं-निळं असेल तर १९७४ नंतरचा. जुन्या कपड्यांची साईझ मात्र आजच्यापेक्षा बरीच लहान भरते, जुना १२ नंबर आजच्या १२ ला होत नाही.

आणि घेण्याआधी कपडा उलटा करा. उलटा केल्याशिवाय कार्टमध्ये टाकायचाच नाही. काखेत पिवळे डाग, कॉलरच्या घडीवर विरलेलं, पँटच्या दोन मांड्यांमध्ये पातळ झालेलं, कोपराला जाळी. इलॅस्टिक ताणून बघा, आत करकर आवाज आला तर ते मेलेलं आहे. लोकर उजेडाकडे धरा, कसरीनं खाल्लेली बारीक भोकं तेव्हाच दिसतात. एखाददुसरं भोक शिवणीजवळ असेल तर रफू होतं, छातीवर चारपाच असतील तर ठेवून द्या. चेक्सचा शर्ट असेल तर खिशावरचे चौकोन मागच्या चौकोनांशी जुळतात का बघा, ज्यानं ते जुळवलेत त्यानं बाकीचंही मन लावून शिवलेलं असतं. शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, खरं अस्तर, हे सगळं महाग पडतं म्हणून हल्ली कमी झालंय, आणि जुन्या ढिगात ते पौंडाच्या भावानं पडलेलं असतं. नकली लेदरचं काही घेऊ नका, ते आज चांगलं दिसलं तरी पुढच्या वर्षी कोंड्यासारखं झडतं.

प्रश्न: आम्ही दोघंही आयटीत, पगार चांगले. गरिबांसाठी असलेल्या दुकानातून आपण घेतलं तर त्यांच्या तोंडचं काढून घेतो असं मला वाटत राहतं. माझी मैत्रीण तर तिथून घेऊन ऑनलाईन विकते. हे बरोबर आहे का?
– डॅलसहून, मन खाणारी

उत्तर: ह्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. गुडविल १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पाद्र्यानं सुरू केलं, तेव्हापासून कल्पना अशी की लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि त्यातून ज्यांना काम मिळत नाही त्यांना काम आणि प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे तुमचा डॉलर त्यांना हवाच आहे. सगळीच थ्रिफ्ट दुकानं अशी नसतात, सेव्हर्स ही तर सरळ नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे, ती संस्थांकडून सामान विकत घेते. दारावर काय लिहिलंय ते वाचा एकदा.

आणि आउटलेट म्हणजे तर शेवटचा थांबा. तिथे राहिलेल्या मालाचे गठ्ठे बांधून वजनावर व्यापाऱ्यांना विकतात. त्यातलं घालण्यासारखं परदेशी जातं, घानाच्या आक्रामध्ये कांटामांटो नावाचा जुन्या कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे (२०२५ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली होती), चिलीत इक्विकेच्या बंदरात उतरलेल्या मालातलं न खपलेलं अटाकामाच्या वाळवंटात टाकलेलं आहे. काहींच्या पुसायच्या चिंध्या होतात. आपल्या गुजरातच्या कांडला एसईझेडमध्येही (विशेष आर्थिक क्षेत्रात) जगभरचे जुने कपडे निवडायला येतात. आणि पानिपत म्हटल्यावर आपल्याला १७६१ आठवतं, पण जुन्या लोकरी कपड्यांच्या धंद्यात पानिपतचं नाव जगभर माहीत आहे. परदेशी स्वेटर-कोट तिथे फाडलेल्या अवस्थेत येतात म्हणजे कुणी तसेच घालू किंवा विकू नयेत, मग बायका बसून बटणं, चेन, लेबल काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे परत रंगवायला नको, आणि त्याचे तंतू काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. इतकं सगळं होऊनही २०१८ मध्ये अमेरिकेत १ कोटी १३ लाख टन कापड जमिनीत गाडलं गेलं असा इथल्या पर्यावरण खात्याचा आकडा आहे. तेव्हा बिन्समधून तुम्ही एक कोट उचललात तर कुणाच्या तोंडचा घास वगैरे काही जात नाही हो.

मला खटकतं ते वेगळं. साध्या दुकानात, नोव्हेंबरच्या तोंडावर, मुलांची गरम जॅकेटं आणि मोठ्या साईझचे कोट कमी असतात आणि ते खरंच लागणारी माणसं तिथे रांगेत असतात. ते ऑनलाईन विकायला उचलणं मला पटत नाही, कायद्यात बसतं तरीही. बिन्समधून विकायला नेणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, हात घाण करून, तासन् तास उभं राहून करतात, मेहनतीचा धंदा आहे. तुमच्या मैत्रिणीला विचारा ती कुठून उचलते.

दुसरं म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला आणि न घातलेला कपडा तुमच्या कपाटात वर्षभर मुक्काम करून परत त्याच गठ्ठ्यात जातो. त्याचं वाईट वाटून घ्या हवं तर.

प्रश्न: लहान मुलांच्या हुडीला दोरी असली तर ती काढायची का? इथल्या एका आईनं मला सांगितलं, मला ते उगीचच वाटलं.
– ऑस्टिनची आई

उत्तर: काढाच. गळ्याची किंवा टोपीची दोरी घसरगुंडीत, बसच्या दारात अडकून मुलं दगावली आहेत. २ टी (साधारण दोन वर्षांच्या मुलाची साईझ) ते १२ साईझपर्यंतच्या मुलांच्या हुडी-जॅकेटांना गळ्याशी अशी दोरी असणं २०११ पासून इथे धोकादायक दोष धरला जातो, पण जुना माल फिरत राहतो. कात्रीनं एका टोकाला कापा, ओढून टाका, अर्ध्या मिनिटाचं काम.

प्रश्न: माझ्या जुन्या साड्या आणि पंजाबी ड्रेस गुडविलला द्यावेत का? घेतात पण पुढे काय होतं?
– शिकागोहून

उत्तर: घेतात, पण साडीचं काय करायचं ते तिथल्या माणसाला कळत नाही. साडेपाच मीटरचं शिवण नसलेलं कापड बघून तो बिचारा पडद्यांच्या रांगेत टांगतो, मी स्वतः एक छान इरकली पडद्यांमध्ये बघितली आहे. द्यायचीच असेल तर साडी-ब्लाऊज-परकर एकत्र मोठ्या सेफ्टी पिनेनं अडकवा आणि 'इंडियन सारी सेट' अशी मोठी चिठ्ठी लावा. पंजाबी ड्रेसची सलवार सुटी झाली तर ती कुणाच्या तरी पायजम्याच्या ढिगात जाते. त्यापेक्षा तुमच्या मंडळात किंवा मुलींच्या नाचाच्या क्लासमध्ये विचारा, लावणीला आणि गणपतीतल्या नाटकाला साड्या कायम कमी पडतात. जरीच्या असतील तर आधी जर खरी आहे का ते सोनाराला दाखवा, मग दान करा.

प्रश्न: मी नाशिकची, मुलाकडे बे एरियात आले आहे. तिथल्या आउटलेटमध्ये इतकं स्वस्त आहे की परत जाताना सगळ्या नातेवाइकांना भेटी तिथूनच न्याव्यात असं मनात आहे. मुलगा रागावतो. नेऊ का?
– दोन रिकाम्या बॅगांची मालकीण

उत्तर: काकू, मुलगा रागावतो ते बॅगेच्या भाड्यासाठी की लाजेसाठी ते आधी विचारा. भेट म्हणून न सांगता जुना कपडा देऊ नका, एवढं माझं ऐका. कॉलरच्या आत कुणाचं तरी नाव मार्करनं लिहिलेलं निघालं की ते वर्षभर लग्नाकार्यात चघळतील आणि तुमचं तोंड दिसलं की गप्प होतील. जिला चालतं अशी एखादी भाची असतेच, तिला फोनवर फोटो दाखवून विचारा आणि तिच्यासाठी खुशाल न्या.

स्वतःसाठी मात्र बघाच. लोकरीच्या मागे लागू नका, नाशिकला डिसेंबरचे पंधरा दिवस सोडले तर ते पेटीतच राहणार आणि बॅगेचे किलो खाणार. लिननचे शर्ट बघा, तुमच्याकडे उन्हाळ्यात सोनं आहे ते, काकांना होतील. जाड सुती चादरी, टेबलक्लॉथ, ह्यांचं कापड इतकं चांगलं असतं की शिंप्याकडून कुर्ते शिवून घेता येतात, मोठी डबल बेडची चादर म्हणजे दोन कुर्ते आणि वर उशीचे अभ्रे. तिथे घेताना चादर पूर्ण उलगडा, मधोमध पातळ झालेली असते बऱ्याचदा, कडेचं कापड मात्र टणक. बॅग साधारण २३ किलोची धरून चाला आणि मुलाच्या घरी वजनकाटा असेलच. हातमोजे सुनेकडून घ्या, आणि तिलाच बरोबर न्या, तुम्ही चादरी उलगडत असताना कार्टपाशी कुणीतरी उभं राहायला लागतंच.